काडी मोडायच्या आधी

बिडकीनचा मुंजाबा वाळूजला लागला त्याला सात वर्षं झाली होती. बापाच्या मेंढ्या विकल्या गेल्या आणि हा कंपनीत पत्रा दाबायच्या प्रेसवर उभा राहिला. कंपनीचा शर्ट अंगात चढला तेव्हा भावकीत काय रुबाब होता त्याचा! पण गेली दोन वर्षं बायकोजवळ जायचं म्हटलं की त्याला घाम फुटायचा. अंग साथच देईना. शिफ्टची दगदग म्हणायचा, उष्णता म्हणायचा, आणि भिंतीकडं तोंड करून पडायचा. बानाबाईनं त्याला कधी टोचलं नाही, घराबाहेर अवाक्षर काढलं नाही.

त्याची आई कस्तुराबाई गप्प बसणारी नव्हती. सून वांझ, दुसरी करू, असा धोशा तिनं लावला. शेवटी पंचांनी रविवार ठरवला. चार माणसांपुढं नवऱ्यानं काडी मोडायची, की संसार मोडला. खरं काय ते फक्त नवरा-बायकोला ठाऊक होतं. मुंजाबानं तोंड उघडलं असतं तर बाईचं घर वाचलं असतं.

बानाबाईनंच त्याला गुरुवारी दवाखान्यात धाडलं. पहिली शिफ्ट सुटल्यावर तो क्रांती चौकामागच्या कानडे डॉक्टरांकडं गेला. विद्यापीठाच्या नामांतराचे दिवस. चौकात पोलिसांच्या गाड्या, निम्मी शटरं खाली. गड्यानं तिथं जाऊन काय सांगावं? तर बायकोला दिवस राहत नाहीत, तिच्यासाठी गोळ्या द्या!

डॉक्टरांनी त्याचीच चौकशी मांडली. तहान किती लागते, लघवीला किती वेळा उठता, वजन कधीपासून उतरलं. रक्त तपासलं. बायकोजवळ जमतं का, असं विचारलं तेव्हा मुंजाबा पंख्याकडं बघत बसला. मग वडिलांचा धंदा विचारला. मेंढरं, म्हणाला.

"मेंढ्या गाभण राहिल्या नाहीत तर वडील आधी काय बघायचे?"

"मेंढा," मुंजाबा म्हणाला, आणि त्याला रडूच फुटलं. "दोन वरसं झाली साहेब. कायच व्हत नाय."

साखर लई वाढलीय, हे तिचंच काम दिसतंय, असं डॉक्टरांनी समजावलं. गोळ्या घ्यायच्या, पथ्य पाळायचं. तेवढ्यानं भागलं नाही तर पुढंही उपाय आहेत. "यात तुमची चूक नाही. पण बायकोला सांगा, आणि पुढच्या वेळी तिला घेऊन या."

सांगणारच होता हो! बिडकीनला उतरेपर्यंत शब्दसुद्धा जुळवले होते. पण घरात पाय टाकला तर आई समोर. शहरात गडबड हाय, दवाखाना बंद होता, असं बोलून मोकळा झाला. गोळ्यांचं पाकीट जेवणाच्या डब्याच्या तळाशी दडवलं. धन्य त्या मर्दाची!

रविवारी बिरोबाच्या देवळापुढं पंच बसले. त्यांतल्या थोरल्या अप्पारावांनी बानाबाईला विचारलं, तुला काही बोलायचंय का. ती मुंजाबाकडं बघत राहिली, चांगली बघत राहिली. त्यानं मान खाली घातली.

"माझी काय तक्रार नाय," ती म्हणाली.

मुंजाबानं काडी मोडली. आवाजसुद्धा झाला नाही.

तिचा भाऊ भिकन गाठोडं घेऊन पुढं निघाला. बानाबाई मुंजाबापाशी थांबली आणि त्याच्यापुरतंच बोलली. "डबा घासून ठिवलाय. गोळ्या दिवळीत हायत. येळेवर घेत जावा."

पंच अजून तिथंच बसले होते. मुंजाबानं तेव्हाही तोंड उघडलं नाही.