मे महिन्यातला स्वेटर

दिनांक १२ मे, रविवार, दुपारी चार. हजर: रझियाबाई, त्यांची नणंद हाजराफुफू, रियाधहून व्हिडिओ कॉलवर बाईंचा मुलगा इम्तियाज, आणि मी. विषय एकच: बाईंना या उन्हाळ्यात धडधाकट कसं ठेवायचं. बाई बैठकीला मरून रंगाचा लोकरी स्वेटर घालून बसल्या होत्या. वरच्या बटणापर्यंत.

"अम्मी, आधी तो स्वेटर काढ," इम्तियाज म्हणाला. "बघूनच मला गरम होतंय."

"मग तुझा काढ. मला होत नाहीये."

"एसी पाठवला तो कशाला?"

"मी मागितला होता?"

एसीच्या रिमोटवरचं प्लास्टिकसुद्धा अजून निघालं नव्हतं.

ज्यांना बाई माहीत नाहीत त्यांच्यासाठी सांगते. बाईंनी रत्नागिरीत आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलं. मी त्यांची विद्यार्थिनी, आणि आता दोन घरं सोडून राहणारी शेजारीण. शरीर आपलं तापमान कसं सांभाळतं हा धडा त्यांनी आम्हाला पुस्तकातून शिकवलाच नाही. वर्गात दोन मडकी आणली, एक साधं आणि एक बाहेरून ऑइल पेंट मारलेलं. दोन्हींत पाणी भरून रात्रभर खिडकीत ठेवलं आणि सकाळी आम्हाला प्यायला लावलं. साध्यातलं पाणी गार, रंगवलेल्यातलं कोमट.

"कारण सांग," बाई म्हणाल्या. हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य. कोणी गृहपाठ केला नसेल, कोणाचं डोकं दुखत असेल, तरी तेच. "कारण सांग, तक्रार नको." मग स्वतःच सांगत, "मडकं पाझरतं. पाझरलेलं पाणी वाळताना आतली उष्णता घेऊन जातं. तुमचं कातडं म्हणजे हेच मडकं."

"पण बाई, मला एवढा घाम येतो तरी गरमच होतं," मी म्हटलं होतं.

"कारण तू रत्नागिरीत राहतेस. इथली हवा आधीच ओली. वाहून गेला तो घाम फुकट गेला. वाळला तो कामाला आला."

शिवाय मेंदूत एक मुकादम बसलेला असतो, असं त्या सांगत. गरम झालं की तो रक्ताला हुकूम सोडतो, कातडीकडे चला, ऊब बाहेर टाका. गार झालं की परत आत बोलावतो. तेवढ्यानं भागलं नाही तर स्नायूंना कामाला जुंपतो, त्याला आपण कुडकुडणं म्हणतो. आमच्या वर्गात मुकादम आडनावाची एक मुलगी होती. वर्षभर तिला सगळे विचारत, "आज किती तापमान ठेवलंयस गो?"

तर अशा बाई. आणि वय झाल्यावर त्यांचाच मुकादम पेंगायला लागला. त्यांना गरम होईना, घाम येईना, तहान लागेना. एप्रिलपासून मी मागे लागले होते. फ्रिजवर पाण्याचं वेळापत्रक चिकटवलं, खुणा केलेली बाटली आणून दिली, फोनवर गजर लावून दिले. बाटली संध्याकाळी रिकामी असे आणि खिडकीखालची अबोली टवटवीत. विचारलं तर म्हणत, "गजर वाजला, पाणी संपलं. अजून काय पाहिजे तुला?" ज्यांनी आपल्याला शिकवलं त्यांनाच तो धडा परत शिकवणं, यासारखं वैतागाचं काम नाही.

बैठकीच्या आदल्या आठवड्यात मी भर दुपारी कोकम सरबत घेऊन गेले. खिडक्या बंद. बाई खुर्चीत, चेहरा लाल. कपाळाला हात लावला तर तव्यासारखं तापलेलं आणि कोरडं ठणठणीत.

"बाई, बरं वाटत नाही का?"

"मागच्या बाकावरची, उभी राहा," बाई म्हणाल्या. माझ्याकडे बघत होत्या, पण मी त्यांना दिसत नव्हते.

मी स्वेटर ओढून काढला, खिडक्या उघडल्या, पंखा मोठा केला, ओल्या दुपट्ट्यानं हातपाय, मान, तोंड पुसत राहिले. हाजराफुफूंनी रिक्षा आणली. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, अंगातलं पाणी संपलं होतं, घाम यायला काही उरलंच नव्हतं, आणि या वयात तहान कळत नाही. बाई शुद्धीवर आल्यावर डॉक्टरांनी हेच त्यांना समजावलं. बाई कॉटवरून म्हणाल्या, "माहिती आहे. मी शिकवलंय."

म्हणून ही बैठक. इम्तियाज म्हणाला, एसी चालू ठेवा. हाजराफुफू म्हणाल्या, "एसीचं काय घेऊन बसलास? भाभी पाणी पितच नाय. मी पेला ठेवते, पेला तसाच." मी म्हटलं, दिवसभर सोबतीला कामवाली ठेवू. बाई प्रत्येक सूचनेला मान हलवत होत्या, आणि त्यातलं काहीही होणार नाही हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. शेवटी माझं डोकं फिरलं.

"बाई, आता तुम्ही कारण सांगा. पाणी का पीत नाही?"

बाईंनी मागच्या दाराकडे बघितलं. "पाणी प्यालं की जावं लागतं."

"मग जा की, अम्मी."

"कुठे? मागच्या दारी, जांभ्या दगडाच्या पायऱ्या उतरून, विहिरीला वळसा घालून. गेल्या पावसात मी तिथे पडले."

हाजराफुफूंनी तोंडावर हात ठेवला. इम्तियाजचा आवाज चढला. "मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तिकडे घेऊन गेला असतास." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तहान लागत नाही हे डॉक्टरचं खरं आहे. पण लागली असती तरी मी प्यायले नसते. माझ्या घरात राहायचंय मला."

एसी, गजर, वेळापत्रक, सगळं बाजूला पडलं. ठराव झाला की स्वयंपाकघराला लागून असलेल्या सामानाच्या खोलीत संडास बांधायचा. जबाबदारी माझी.

मी चौथ्या दिवशी कमोड आणून पडवीत ठेवला. मिस्त्री म्हणाले, "वहिनी, सोमवारी नक्की." कुठला सोमवार ते सांगायचं राहिलं. ते आरे-वारेच्या किनाऱ्यावर पर्यटकांच्या खोल्या बांधत होते, प्रत्येक खोलीला स्वतंत्र संडास. "मुंबईच्या पाहुण्यांना बाहेर जायची सवय नाय वो," त्यांनी मलाच समजावलं. मी दुसरा मिस्त्री गाठला. तो पावसाआधी कौलं चाळण्यात गुंतलेला. तिसऱ्यानं खोलीचं माप घेतलं आणि नंतर फोन उचलणंच बंद केलं.

महिनाअखेरीस इम्तियाज आला. दोन दिवस पडवीतल्या कमोडकडे बघत बसला आणि बाईंना घेऊन गेला. "तात्पुरतं," म्हणाला. बाईंनी वाद घातला नाही. गाडीत बसताना मला म्हणाल्या, "तिथे संडास खोलीतच आहे. मी पाणी पिईन, तुझी काळजी मिटली. आता माझं काम कर."

शुक्रवारी त्यांचा फोन येतो. तब्येत चांगली आहे. "इथली हवा कोरडी. घाम आला की लगेच वाळतो. शरीराला इथे सोपं आहे," परवा म्हणाल्या. "मला नाही. झालं का गो?"

नाही झालं. पावसात सिमेंट भिजेल म्हणून थांबलं, मग गडी भातलावणीला गेले, मग गणपती. गेल्या आठवड्यात आरे-वारेवाले मिस्त्री एकदाचे आले, भिंतीवर खडूनं गोल काढला, पाईप आणून ठेवा म्हणाले. पाईप आणून ठेवलेत.

शिल्लक काम: खडूच्या गोलावर जांभ्याची भिंत फोडून पाईप बाहेर काढणे, कमोड बसवणे. बाईंचं परतीचं तिकीट त्यानंतर.