कडीतली दांडी

अन्याय झाला तो माझ्या मोठीआईवर, आणि तिच्यासोबत त्या शेडमध्ये बसलेल्या आम्हा सगळ्या बायांवर. साल चौऱ्याऐंशी, तान्ह्या पोळ्याचा दिवस, भर दुपारपासून दिवेलागणीपर्यंत. जागा भंडाऱ्याजवळचं कारधा, पुलाकडून गावात शिरणाऱ्या रस्त्यावरची टिनाची शेड. 'असं ऐकलं', 'असं म्हणतात' हे शब्द इथं सापडणार नाहीत. मी आत होते.

मोठीआई म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. मॅट्रिकला गणितात उडाले तेव्हा घरात बसून रडायला तिनं मला वेळच दिला नाही. दुसऱ्या दिवशी हाताला धरून शेडमध्ये नेलं. म्हणाली, "रडाचं तं तिथं रड. हात चालत राहिले म्हणजे झालं."

शेडमध्ये टेडी बेअर बनत. नागपूरच्या दुकानांत काचेमागे बसतात ती तपकिरी, गुबगुबीत, हसरी अस्वलं कारध्याच्या बायांच्या हातची असतात, हे नागपूरला कोण सांगणार? शेड मुळात धानाचं गोदाम. वर टिन, खाली फरशी, भिंतीत उंचावर झरोका. उन्हाळ्यात भट्टी, पावसाळ्यात वाफ. अस्वलात भरायला सावरीचा कापूस आणि शिंप्यांकडच्या चिंध्या. सावरीचा कापूस हलका. फुंकर लागली की उडतो आणि बाईच्या नाकातोंडात जाऊन बसतो. पंखा लावायचा नाही, कारण कापूस उडतो. झरोका उघडायचा नाही, कारण कापूस उडतो. कापूस उडू नये याची काळजी घेणारे होते, आमचा श्वास अडू नये याची घेणारं कोणी नव्हतं.

कामाची पद्धत नीट समजून घ्या, कारण खरी चोरी तिथंच होती. एका बाईला एकच काम. कुणी फक्त पाय शिवायची, कुणी पोट, कुणी डोळ्यांची बटणं लावायची. मी कानवाली. मोठीआई पाठवाली, म्हणजे पाठीची फट उघडी ठेवून तिथून लाकडी दांडीनं कापूस ठासायचा आणि शेवटी धागा दिसणार नाही अशी फट मिटवायची. डोकं मात्र शेडमध्ये बनतच नव्हतं. त्याचा पुठ्ठ्याचा फर्मा शेडच्या मालकाच्या, शेठच्या घरी. त्याची बहीण तिथं डोकी बेतायची, भरायची, कान-डोळे लावण्याच्या जागी खडूनं खुणा करून पाठवायची. आम्ही खुणेवर कान टाचायचे. खूण तिथंच का, हे विचारलं की शेठ म्हणायचा, "बाई, तुम्हाले कानाचं काम दिलं, डोक्याचं कायले करता?"

यात कावा असा, की वर्षानुवर्षं अस्वलं बनवणाऱ्या एकाही बाईला अख्खं अस्वल बनवता येऊ नये. घरी जाऊन काही सुरू करावं म्हटलं तर तुमच्याजवळ काय? एक कान.

आणि कुलूप. सकाळी आत गेलो की चौकीदार बाहेरून कडी घालून कुलूप लावायचा. शेठ म्हणे, तुमच्याच भल्यासाठी. रस्त्यावर टवाळ पोरं असतात. मला वाटायचं, घरचे पुरुष यावर भांडतील. आमचे मोठेबाबा, म्हणजे मोठीआईचा नवरा, भांडले, पण माझ्याशी. "कुलूप हाय म्हणून तं पाठवतो तुमाले. नाहीतं कोण पाठवते?" म्हणजे आत कोंडलेली बाई ही शेठला हवी होती आणि घरालाही हवी होती. मधल्या मधे बाईला काय हवं ते विचारायचं राहून गेलं.

मोठीआईला काय हवं होतं ते मी सांगते. तिला स्वतःच्या दारात बसून अख्खं अस्वल शिवायचं होतं. दार उघडं ठेवून. बस.

तिचं माहेर नाकाडोंगरी, जंगलाला लागून. त्यांच्या घरात मोहफुलं वेचायला निघताना अस्वलाचं नाव घेत नसत. नाव घेतलं की ते येतं. 'पाहुणा' म्हणत. सवय अशी मुरलेली की शेडमध्येही तिच्या तोंडून अस्वल हा शब्द कधी निघाला नाही. संध्याकाळी ओरडायची, "बाया हो, आजचे पाहुणे मोजा वो!" डोळेवाली तिला चिडवायची, "मोठे, तुझा पाहुणा तं फरचा हाय. तो कायले येते?" मोठीआई सुई न थांबवता म्हणायची, "पाहुण्याचा काय भरवसा? जावयाचंबी तसंच हाय."

त्या वर्षी धानाची रोवणी उरकली आणि रविवारी दुपारी आमच्या पडवीत काम सुरू झालं. शेडमधल्या तिघी-चौघी यायच्या, प्रत्येकीनं आपलं काम आणायचं. कापड शेठचं घेतलं नाही, एक चिंधीसुद्धा नाही. मोठीआईनं आपली जुनी काळी घोंगडी कापली. पायवालीनं पाय केले, पोटवालीनं पोट, मी कान. डोक्याचा फर्मा नव्हता, तर मोठीआई म्हणाली, "मी पाहिलं हाय ना त्याचं तोंड. शेठच्या बहिणीनं कुठं पाहिलं?" तिनं लांब नाकाड बेतलं, ओठांना फिकट कापड लावलं आणि छातीवर पांढरी चंद्रकोर टाचली.

आता कान लावायची पाळी माझी. कान हातात, डोकं समोर, आणि मला समजेना की लावायचा कुठं. कधी खुणेशिवाय लावलाच नव्हता! अंदाजानं दोन्ही बाजूंना खाली टाचले. सगळ्या जरा मागं सरकून बघू लागल्या. पायवाली हळूच म्हणाली, "वो माय, हा तं हेला झाला."

खरंच रेडा झाला होता. काळा, नाकाड पुढं काढलेला, कान लोंबते. मोठीआई इतकी हसली की खोकला लागला, आणि खोकला मग बराच वेळ थांबला नाही. थांबल्यावर तिनं कान उसवले, स्वतःच्या डोक्यावर दोन्ही मुठी ठेवून दाखवल्या आणि म्हणाली, "इथं लाव. तो झाडावर चढते तवा खालून हे इथं दिसते."

लावले. पडवीत पाहुणा येऊन बसला. दुकानातल्यासारखा हसरा नव्हता. आपल्या जंगलातला होता, अंगावर येईल असा आणि तरी कुशीत घ्यावासा. पोटवालीनं त्याला मांडीवर घेतलं ते दिवस मावळेपर्यंत सोडलं नाही.

पुढच्या रविवारांत आणखी झाले. मोठीआई एकाला पदराखाली घेऊन पूल ओलांडून भंडाऱ्याला गेली आणि बाजारातल्या एका दुकानदाराला दाखवून आली. तो शेठचाही माल घ्यायचा. त्यानं पाहुण्याला उलटंसुलटं केलं, नाकाड दाबलं आणि म्हणाला, "तान्ह्या पोळ्याच्या दुपारी घेऊन या. पोरायच्या हाती बोजारा असते, तवाच खेळणं खपते. खपले तं दिवाळीपर्यंत तुमचेच ठेवतो. नाही आल्या तं मग राहू द्या."

बाहेरच्यांसाठी सांगते: मोठा पोळा बैलांचा, दुसऱ्या दिवशीचा तान्हा पोळा पोरांचा. पोरं चाकाचे लाकडी नंदी सजवून दारोदार ओढत नेतात आणि घरोघरचे लोक त्यांच्या हातावर चिल्लर नाहीतर खाऊ ठेवतात. त्याला बोजारा म्हणतात.

त्या दिवशी दुपारी सुट्टी द्यायचं शेठनं कबूल केलं होतं. सकाळी गैरहजर राहिलं तर जागा गेली, म्हणून मोठीआई कामावर आली. पाहुणे पिशवीत भरून घरी माळ्यावर ठेवले होते. मोठेबाबांना यातलं काही ठाऊक नव्हतं, त्यामुळे त्यांच्या हाती पाठवणं शक्यच नव्हतं. दुपारी सुटायचं, घरी जायचं, पिशवी घ्यायची, पूल ओलांडायचा. तिनं नवं लुगडं नेसलं होतं.

दुपार झाली, तसा शेठ स्वतः आला. चौकीदार सणासाठी गावी गेला होता. दारात उभं राहून शेठ हसत म्हणाला, "मोठीबाई, भंडाऱ्याचा दुकानदार सांगत होता, तुमीबी आता शेठ झाल्या म्हणे."

मोठीआईनं मान वर केली. "सुट्टी झाली ना, शेठजी?"

"दिवाळीचा ऑर्डर हाय. आज सुट्टी नाही भेटत."

"तुमी कबूल केलं होतं."

"केलं असंन." आणि त्यानं दार ओढून घेतलं. बाहेर कडी वाजली.

आम्ही उठलो. दार ढकललं, थापा मारल्या, हाका मारल्या. मोठीआईनं एकदाही हाक मारली नाही. ती दाराला पाठ टेकून उभी राहिली आणि झरोक्यातून फरशीवर पडलेला उजेड सरकताना बघत राहिली. तो उजेड भिंतीपाशी जाईल तेव्हा भंडाऱ्यातली पोरं दुकानातून परतलेली असतील, हे तिला कळत होतं आणि आम्हालाही.

मग रस्त्यावर गलका झाला. पोरं निघाली होती. लाकडी चाकांची घरघर, घुंगरं, मागं आया, बाप, आजे, अर्धं गाव. आमच्या दारावरूनच वाट. आम्ही ओरडत होतो, "कडी काढा वो! कोणीतरी कडी काढा!" घरघर जवळ यायची, दाराशी मंद व्हायची आणि पुढं जायची. मी फटीला डोळा लावला होता. मला धोतरं दिसत होती, लुगडी दिसत होती, थांबलेले पाय दिसत होते. थांबायचे आणि जायचे.

एक नंदी मात्र दाराशी येऊन थांबला. लहान पोरीचा आवाज आला, "बोजारा द्या!"

मोठीआई वळली. फटीशी बसून मऊ आवाजात म्हणाली, "देतो ना माय. दोन बोजारे देतो. तेवढी वरची कडी काढ."

"माझा हात नाही पुरत."

"कोणाले सांग मंग. कुलूप असंन तं दगडानं ठोकाले सांग."

"कुलूप नाही इथं," पोरगी म्हणाली. "काडी हाय." मग तिनं हाक मारली, "बाबा, आतल्या बाईले बाहेर याचं हाय! तुमी काढा ना काडी!"

चपलांचा आवाज जवळ आला. थांबला. एक पुरुष अगदी दारापाशी उभा होता. त्याच्या तोंडातल्या खर्र्याचा, तंबाखू-सुपारीचा वास मला आला. मोठीआई म्हणाली, "भाऊ, काढा ना."

त्याच्या चपला वळल्या. पोरीला म्हणाला, "शेठचं हाय ते. हात नको लावू. चाल."

"पण त्या बोलावून राहिल्या!"

"चाल म्हटलं ना."

नंदीची चाकं घरघरत गेली.

दिवेलागणीला शेठ आला, दार उघडलं आणि जसं काही झालंच नाही तसा हिशोबाला बसला. मी बाहेर पडताना कडीकडे पाहिलं. चौकीदार किल्ली घेऊन गावी गेलेला, म्हणून शेठनं दुपारी दाराशी ठेवलेली कापूस ठासायची दांडी उचलून कडीत खोचली होती; आता ती उंबऱ्याशी पडली होती. मोठीआईची. तिच्या हाताच्या घामानं मधोमध काळी पडलेली. एका बोटानं निघाली असती. दुपारभर रस्त्यानं शेकडो बोटं गेली.

आम्ही दोघी तशाच घरी गेलो, पिशवी घेतली, पुलावरून जवळजवळ धावलो. मोठीआई मधेच थांबून कठड्याला धरून खोकायची आणि पुन्हा चालायची. दुकानदार फळ्या लावत होता. "बाई, आता काय? पोरं येऊन गेले," तो म्हणाला. मागं काचेत शेठची तपकिरी अस्वलं बसली होती, आणि दोन-तीन जागा रिकाम्या झाल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी मोठीआई शेडमध्ये गेली. काय करणार होती? शेठनं तिच्याकडून पाठीचं काम काढून घेतलं आणि चिंध्या कातरायला बसवलं, जिथून अस्वल दिसतच नाही. मी भांडले, तर मला दार दाखवलं. त्या शेडमधून मोकळं सुटायचा तेवढा एकच रस्ता होता. पुढं मी मोर्च्यांत गेले, पत्रकं लिहायला शिकले. कुलपावर पत्रक काढलं तेव्हा कारध्याचेच चार पुरुष माझ्या घरी येऊन म्हणाले, "पोरी, शेठले बोल, पण कुलूपाले नको बोलू." पत्रकात मी शेठला झोडपलं होतं. आता मला कळतं की पत्रक अपुरं होतं. शेठ एकटा होता आणि त्याच्याजवळ त्या दिवशी कुलूपसुद्धा नव्हतं.

मोठीआई आजही तिथं जाते. खोकला पक्का झाला आहे. पाहुणे माळ्यावर पिशवीत आहेत. उंदरांनी एकाचा कान नेला, तो मी नवा लावून दिला, बरोबर जागेवर. मागच्या आठवड्यात तिला म्हटलं, सोड आता. ती म्हणाली, "सोडाचं नाही मले. दार उघडं पाह्यजे. मंग मी शिवतोच तिथं."

म्हणून हे लिहिलं. दया नको, हळहळ नको, "फार वाईट झालं हो" हेही नको. तान्हा पोळा येतो आहे. शेडचं दार रस्त्यावर आहे आणि तुमच्या पोराचा नंदी तिथूनच जाणार आहे. तुम्ही त्याच्या मागं असाल. आतून हाक येईल. ते शेठचं आहे असं पोराला सांगू नका. पुढं व्हा, हात वर करा आणि कडी काढा. कुलूप असलं तर दगड घ्या.