दिवा कोणता हाय, रफिकभाई?

पंचफुला हिवराळे या नर्सबाईंवर अन्याय झाला. गेल्या पोळ्याला झाला, भरदुपारी, भरल्या मांडवात, त्यांच्या अंगावर सत्काराची शाल असताना झाला. करणाऱ्यांनी तो लपूनछपून केला नाही, माइकवरून केला. तेव्हा ‘नक्की काय घडलं ते देवच जाणे’ हे वाक्य मला आता कुणी ऐकवू नये. देवाचं मला माहीत नाही. मांडव जाणतो.

मी पत्रकं लिहितो. नळाची, रस्त्याची, रेशनची. पत्रकात मागण्या मावतात, माणूस मावत नाही. आणि ज्या बाईला ‘हलगर्जी’ ठरवून घरी बसवलं ती कोण होती हे माहीत नसेल, तर मागणीही तुमच्या डोक्यावरून जाईल. म्हणून आधी बाई सांगतो.

मुकुंदवाडीत आमची दारं समोरासमोर. मी त्यांना मावशी म्हणतो, त्या मला ‘पत्रक्या’ म्हणतात. लहानपणापासून एक दृश्य मी रोज पाहत आलो. संध्याकाळी मावशी ताट वाढून घेणार, भाकरी मोडणार, आणि घास तसाच हातात ठेवून फोन लावणार.

“दिवा कोणता हाय, रफिकभाई?”

पलीकडून आवाज यायचा, “हिरवा है सिस्टर, खाना खाओ.” मग घास तोंडात. उत्तर ‘पिवळा’ आलं तर ताटावर झाकण. आणि ‘लाल’ आलं तर मावशी चपला घालून पैठण रोडची गाडी पकडायला निघालेल्या असायच्या. मला बरेच दिवस वाटायचं, हा काहीतरी नवस असणार. एकदा विचारलं तर म्हणाल्या, “नवस कशाचा रे? लेकरं उपाशी ठेवून मी जेवू व्हय?”

लेकरं म्हणजे बॅटऱ्या. नाथसागर धरणाच्या फुगवट्यात काही वस्त्या अशा आहेत की पाणी चढलं की त्यांचा रस्ता पाण्याखाली जातो. तिथं जायला एका ट्रस्टनं दवाखान्याची बोट सुरू केली. रफिकभाई ती चालवायचे, मावशी तिच्यावरच्या सिस्टर. बोटीत लसींचा फ्रिज, ऑक्सिजनचं यंत्र, तपासणीचा दिवा. हे सगळं चार मोठ्या बॅटऱ्या आणि एका इन्व्हर्टर-चार्जरवर चालायचं. बोट धक्क्याला लागली की जाड केबल किनाऱ्यावरच्या सॉकेटात घालायची, म्हणजे ते यंत्र बॅटऱ्या भरत बसतं. केबल काढून बोट पाण्यात गेली की तेच यंत्र उलटं काम करतं, बॅटरीतली वीज काढून फ्रिजला पुरवतं. इंजिन चालताना थोडंफार भरायचं, पण फेऱ्या लहान. छपरावर सोलारची एक पाटी होती, तिला मावशी ‘नवसाची बाई’ म्हणायच्या, पावली तर पावली. खरं पोट भरायचं ते धक्क्यावर, रात्रभर. लाल दिवा म्हणजे रिकामं, पिवळा म्हणजे भरतंय, हिरवा म्हणजे भरलं. मावशींचं अख्खं घड्याळ त्या तीन दिव्यांवर चालायचं.

चारही बॅटऱ्यांना त्यांनी आपल्या चार नणंदांची नावं दिली होती. “चौघींला सारखं वाढावं लागतं,” त्या सांगायच्या. “एकीला कमी पडलं की ती बाकीच्या तिघींला घेऊन रुसती. आन् रुसलेली नणंद आन् उपाशी बॅटरी, दोघी आज बोलत नायत. घात करतेत ते उद्या.”

आता कुणाला वाटेल ही कुणी गरीब, सोशिक, देवमाणूस बाई असेल. अजिबात नाही. मावशी भांडकुदळ होत्या आणि त्याहून जास्त बढाईखोर. कडक इस्त्रीची साडी, डोळ्यांवर गॉगल, बोटीच्या टोकाला उभ्या राहायच्या आणि रफिकभाईंना दिशा दाखवायच्या. ज्याचा जन्म त्या पाण्यावर गेला त्याला! “माझ्यावाचून ही बोट म्हंजी नुसतं टोपलं,” असं येईल त्याला ऐकवायच्या. रफिकभाईही कमी नव्हते. “सिस्टर, बॅटरी लेकरां नै, तुमारी सास है. दिनभर उसकीच सेवा.”

एकदा बॅटऱ्यांत डिस्टिल्ड वॉटर घालताना मावशींनी काठोकाठ भरलं. माया जास्त. चार्जिंग लागल्यावर आतलं तेजाब उतू गेलं आणि त्यांच्या नव्या साडीचा काठ जाळून गेलं. दोष अर्थात रफिकभाईंचा. ‘ह्यानं बोट हलवली.’ शेवटी चितेगावच्या बॅटरीवाल्यानं समजावून सांगितलं की बाई, खुणेपर्यंतच भरायचं, वर जागा सोडायची. पुढं तीच गोष्ट मावशी सगळ्यांना शिकवत सुटल्या, जणू शोध त्यांनीच लावला. खंडेनवमीला ट्रस्टचा कारकून बॅटरीला लिंबू-मिरची बांधायला आला, तर त्याला म्हणाल्या, “तिच्या पोटात आधीच तेजाब हाय, तू वरून लिंबू पिळू नको.” सरपंचाच्या पुतण्यानं बोटीत मोबाइल चार्जिंगला लावला, तेव्हा तो मोबाइल त्यांनी दोन बोटांत धरून, मेलेला उंदीर धरावा तसा, त्याच्या खिशात परत सोडला. “ही बोट हाय. पानटपरी पलीकडं.”

हा कडकपणा कशासाठी होता, ते मी एकदा त्यांच्याबरोबर वस्तीवर गेलो तेव्हा कळलं. एक तरुण बाई मांडीवर पोर घेऊन बसली होती. मावशींनी इंजेक्शन भरलं तशी तिनं पोराचा पाय आवळून धरला आणि विचारलं, “सिस्टर, ही सुई खरी ना? फ्रिजमधलीच ना?”

“खरी,” मावशी म्हणाल्या. “रातभर हिरव्या दिव्याखाली निजली.”

बाईनं पाय सोडला. एवढ्या एका शब्दावर तिनं आपलं पोर पुढं केलं. त्या पाण्यापलीकडं ना डॉक्टर होता, ना दुकान, ना दुसरं काही पडताळून पाहायची सोय. होता तो या बाईचा शब्द. तो मोडला तर पुढच्या खेपेला एकही आई दार उघडणार नव्हती, हे मावशींना पक्कं ठाऊक होतं.

आता पोळा.

ट्रस्टच्या सचिवसाहेबांना बोटीचा वाढदिवस साजरा करायचा होता. पोळ्याला बैल धुवायला सगळी माणसं पाण्यावर येतात, म्हणजे गर्दी आयती. धक्क्यावरच मांडव पडला. एका बाजूला बैलांची शिंगं रंगवणं चाललेलं, दुसऱ्या बाजूला खुर्च्या, पंखे, मोठमोठे स्पीकर, बोटीची फिल्म दाखवायला पडदा. मी मावशींचा सत्कार बघायला गेलो होतो, तिसऱ्या रांगेत बसलो होतो. ऐन वेळी गावची लाइट गेली, डीपी जळाली. जनरेटरवाला सणामुळं आलाच नाही. तेव्हा साहेबांच्या सुपीक डोक्यात आलं, बोटीवर वीज आहे ना, घ्या ओढून! मांडवाची वायर बोटीच्या इन्व्हर्टरला जोडली.

पंखे फिरले. टाळ्या पडल्या. मावशींना शाल, नारळ. साहेब भाषणाला उभे राहिले, विषय ‘शेवटच्या मुलापर्यंत थंडगार लस’. आणि स्पीकरमधून घरघर यायला लागली. साउंडवाला म्हणाला, बोटीतल्या फ्रिजमुळं येते. साहेबांनी माइक तोंडासमोरून हलवलासुद्धा नाही. त्याच माइकवरून सगळ्या मांडवाला ऐकू येईल असं म्हणाले, “अरे, मग तो फ्रिज बंद करा जरा! आमचं ऐकू द्या लोकांना!”

मांडव हसला. ट्रस्टच्या एका माणसानं बोटीत जाऊन फ्रिजचा प्लग उपटला.

मावशी उठल्या. साहेब म्हणाले, “सिस्टर, आज तुमचा सत्कार आहे. आजच्या दिवस आराम करा.” पुन्हा हशा. मावशी शालीसकट स्टेजवरून उतरल्या, बोटीत गेल्या, प्लग परत लावला. स्पीकर घरघरला. ट्रस्टच्या माणसांनी प्लग पुन्हा उपटला, मावशींना बाहेर घेतलं, केबिनला कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकली. मावशी धक्क्यावर उभ्या राहून ओरडत होत्या, “आरं, माइकला काय टोचायचंय व्हय रे? लस माइकला द्यायची का लेकराला?” पण स्पीकरपुढं एका बाईचा आवाज किती पुरणार? मी आणि रफिकभाई धावलो, तर आम्हालाही ‘कार्यक्रमात गोंधळ नको’ म्हणून बाजूला केलं. थोड्या वेळानं इन्व्हर्टर टींटीं करायला लागला, बॅटऱ्या तळाला गेल्याची खूण. साउंडवाल्यानं किल्ली मागून घेतली, आत जाऊन टींटीं बंद करायचं बटण शोधून काढलं आणि पुन्हा कुलूप लावलं. भाषण पूर्ण झालं.

कुलूप उघडलं तेव्हा दिवा लाल. प्लग लावून उपयोग नव्हता, बॅटऱ्यांत काही उरलंच नव्हतं आणि गावची लाइट दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आली नाही. सणाचा दिवस, बर्फाच्या गाड्याही बंद. करीच्या, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या, सकाळी मावशींनी फ्रिज उघडला तर आतली हवा बाहेरच्याइतकीच गरम. त्यांनी लसीचा तो सगळा साठा बाद केला आणि तसं कळवलं.

साहेबांचा फोन आला. मी शेजारी उभा होतो, स्पीकरवर ऐकलं. “सिस्टर, एवढं काय होत नाही. आजच्या फेरीत देऊन टाका. बाटलीच्या तोंडावर लिहिलंय का ती गरम झाली म्हणून?”

मावशी म्हणाल्या, “साहेब, तुमच्या नातवाला घेऊन या. पयलं त्याला टोचते. मग वस्तीला.”

फोन कट झाला. मावशी रिकाम्या हातानं वस्तीवर गेल्या. आया पोरांना न्हाऊमाखू घालून बसल्या होत्या. मावशींनी खरं ते सांगितलं, “लस गरम झाली. ही सुई खरी नाय, म्हणून देत नाय.” एक म्हातारी पुटपुटली, “सणाच्या झोपल्या असतील सिस्टर.” मावशींनी ते ऐकलं. 

ट्रस्टचं म्हणणं तयारच होतं. फ्रिजचा प्लग काढलेला होता, फ्रिजची जबाबदारी सिस्टरची, सबब सिस्टरची हलगर्जी. कामावरून कमी. बघा कसं आहे, खोटं एकही वाक्य नाही! प्लग काढलेला होता. जबाबदारी सिस्टरचीच होती. फक्त कुणी काढला आणि कुणी काढू दिला, तेवढं गाळलं.

चौकशी मागितली तर मला सांगितलं, तुम्ही शेजारी, तुमची साक्ष धरता येत नाही. रफिकभाई सांगायला गेले तर, “मेरे कू बाहर बिठाए, बोले तुम बोट देखो.” कसली बोट? ती धक्क्याला बांधून ठेवली आहे. नवी सिस्टर नेमलेली नाही, वस्त्यांना लस नाही. रिकाम्या राहिलेल्या बॅटऱ्या आतून कडक होतात, मग कितीही भरा, धरत नाहीत. चारही नणंदा तशा मरत चालल्या आहेत.

मावशी हल्ली फोन लावत नाहीत. पण भाकरी मोडली की हात अजून फोनकडं जातो. परवा मी समोर बसलो होतो. हात गेला, थांबला, परत ताटात आला. म्हणाल्या, “पत्रक्या, नोकरी गेली त्याचं मला काय नाय. त्या म्हातारीला कोण सांगंल, मी झोपले नव्हते म्हणून?”

मी सांगून भागत नाही. म्हणून आता तुमच्याकडं वळतो. हो, तुमच्याचकडं. तुम्ही त्या दिवशी बैल धुवायला आला होता. तुम्ही पंख्याखालची खुर्ची धरली होती. तुम्ही फिल्म पाहिली, जेवलात, आणि ‘फ्रिज बंद करा’ या वाक्याला हसलात. ती हवा, तो आवाज, तो हशा त्या पोरांच्या लसीच्या विजेवर चालला होता. सोमवारी सकाळी चिकलठाण्याला ट्रस्टच्या ऑफिसात चौकशी आहे, आम्ही भांडून मिळवलेली. भाषण करू नका, घोषणा देऊ नका, मावशींची स्तुतीसुद्धा करू नका. साहेबांच्या समोर उभं राहून एवढंच म्हणा, ‘फ्रिज बंद करा असं तुम्ही माइकवरून सांगितलंत. मी तिथं होतो. मी ऐकलं.’

हसताना तुम्ही सगळे एकदम हसला होतात. तसे सगळे एकदम या.