जान्हवीची वेणी, नंदाची फणी

नंदाला दोन मुलगे. दोघांच्याही डोक्यावर कधी बोटभर केस टिकले नाहीत, त्यामुळे वेण्या घालायची तिची हौस राहूनच गेली होती. सकाळी दवाखान्यात आयाचं काम करून दुपारी ती मुलुंडच्या एका सरकारी बालगृहात जाई, अर्धवेळ काळजीवाहक म्हणून. मुलींवर लक्ष ठेवायचं, भांडणं सोडवायची, कुणाला गच्चीच्या कठड्यावर चढू द्यायचं नाही. वेण्या घालणं कामात नव्हतं. ते तिने आपल्या मनाने जोडून घेतलं.

त्या आठवड्यात उवांनी उच्छाद मांडला. अधीक्षिका चेतना मॅडमनी फर्मान काढलं, "शनिवारी पार्लरवाली रुचिरा येईल. जिच्या डोक्यात ऊ सापडेल, तिचे केस कानापर्यंत. लाड नाहीत."

जान्हवीची वेणी कमरेपर्यंत. ती रडतच नंदाकडे आली. "मावशी, रविवारी आजी येणार ना! तिला दिसत नाही, ऐकूही येत नाही. वेणी चाचपूनच ओळखते मला. वेणी गेली तर माझ्याएवढीच लांब वेणी असलेल्या त्या सपनालाच जवळ घेईल. आणि ती, खाऊ मिळाला की गप्प बसेल!"

"गप्प तर बसेनच," सपना म्हणाली.

"बस खाली," नंदा जान्हवीला म्हणाली आणि पदर खोचला.

रोज करंजाचं तेल, रोज बारीक फणी. ऊ सापडली की नखावर नख, टच! भोवतीच्या पोरी ओरडायच्या, "मावशी, विकेट!"

शनिवारी मॅडमनी टेबलावर पांढरा कागद पसरला, जान्हवीचं डोकं त्यावर वाकवलं आणि स्वतः फणी फिरवली. काही नाही. पुन्हा फिरवली. काही नाही. मग वाकून मानेजवळ पाहताना त्यांनी पेनाचं टोक स्वतःच्या अंबाड्यात खुपसून कराकरा खाजवलं.

कागदावर एक टपोरी ऊ पडली.

"सापडली!" मॅडम म्हणाल्या. रुचिराने कात्री उचलली. जान्हवीने दोन्ही हातांनी वेणी धरली.

"मॅडम," नंदा म्हणाली, "ती वरून पडली."

"वरून म्हणजे?"

"तुमच्याकडून."

रुचिराने कात्री हातात धरून विचारलं, "मग आधी कोण बसतंय?"

तोंडाने 'लाड नाहीत' म्हणत रडणाऱ्या प्रत्येक पोरीचं डोकं खांद्यावर घेणाऱ्या मॅडमच्या डोक्यात उवा होणार नाहीत तर काय! त्या लाल झाल्या. "रुचिरा, तू चहा घे. आणि कात्री राहू दे आज, फणीने भागतंय," असं म्हणून त्या कोठीच्या खोलीत शिरल्या. नंदा मागोमाग गेली, दार लावलं.

"मान खाली, मॅडम. हलू नका हो."

टच!

"विकेट!" खिडकीबाहेरून आवाज आला.

रविवारी आजीने वेणी मुळापासून शेंड्यापर्यंत चाचपली आणि नाकाशी नेली. "हीच माझी. पण केवढं तेल गं हे!" तेवढ्यात विचारपूस करायला चेतना मॅडम जवळ येऊन वाकल्या. आजीने हवेत तोच तेलाचा वास हुंगला, हात पुढे केला आणि अंबाडा चाचपला.

"आणि ही कोण गं? हिची वेणी कुठे गेली?"