खालून खाल्लेला बुरूज

शिरूरहून निघताना विजूवन्संनी डब्यात धपाटी घेतली आणि मी डिकीत जाड दोरी टाकली. विजूवन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. शाळेतून निवृत्त झाल्यापासून त्यांना किल्ल्यांचं वेड लागलंय. माझा पुण्यात सेंट्रिंगच्या, म्हणजे स्लॅब ओतताना खाली आधाराला लावायच्या, प्लेटा आणि टेकू भाड्याने देण्याचा धंदा आहे. त्यामुळे कुठलीही भिंत दिसली की ती कुणी बांधली हा प्रश्न त्यांना पडतो, आणि ती कशावर उभी आहे हा मला.

"डोंगरातले गड सगळेच बघतात," वन्सं म्हणाल्या. "आपल्या सपाटीवरचे कोण बघणार?"

"चढ नाही ना? मग चला."

मे महिन्यातला रविवार होता. तळेगाव ढमढेरेच्या बाजूची एक गढी, मग वरवंडकडच्या एका तलावाकाठचा बुरूज आणि शेवटी दौंडहून भीमेपलीकडे पेडगावचा भुईकोट, असा बेत होता. पहिल्या दोन गावांची नावं मी मुद्दाम देत नाही. नाहीतर तिथल्या लोकांना तहसीलच्या नोटिसा जायच्या.

पहिल्या गढीपाशी पोचलो आणि वन्संचं तोंड उघडंच राहिलं. गढी अशी नव्हतीच. दगडी जोतं होतं, एक दरवाजा होता आणि त्याच्यामागे उष्टी भाकरी टाकावी तसा मातीचा एक ढिगारा होता. त्याला चारी बाजूंनी कुणीतरी घास घेतलेले. शेजारच्या रानात कांदा भरणारे एक म्हातारे होते. वन्संनी त्यांना विचारलं, "आप्पा, ही गढी पाडली कुणी?"

"पाडली न्हाई बाई, नेली."

"कुठं नेली?"

त्यांनी हातातला कांदा वर धरला. "ह्यात. पांढरी हाय ती." पांढरी म्हणजे जुन्या वस्तीची, घरांची, भिंतींची मुरलेली माती. राख, शेण, भुसा, सगळं जिरून तिला खताचा कस येतो. शिवाय तीच धाब्यावर (मातीच्या सपाट छपरावर) टाकली की पाणी गळत नाही. "आमच्या आज्यापासनं नेत्यात. कांदा असा फुगतोय बघा, रबरी चेंडूवानी!"

वन्सं रडायच्या बेतात होत्या. "इतिहास कांद्यात घातला हो यांनी," त्या गाडीत म्हणाल्या. धक्का मलाही बसला होता, पण माझा प्रश्न वेगळा होता. सगळे घास खालच्या बाजूने का होते?

न्हावऱ्यावरून चौफुल्याला आलो. रसवंतीवर उसाचा रस प्यायलो, धपाटी संपवली आणि तलावाकडे वळलो. पाणी पार मागे सरलं होतं. काठाचा गाळ वाळून त्याला भेगा पडल्या होत्या. मला वाटलं, कडक आहे. गाडी काठाने घेतली आणि डावी दोन्ही चाकं गाळात गेली. वरची साय वाळलेली आणि खाली लोणी. वन्संनी डिकीकडे बोट दाखवलं. मी दोरी काढली.

थोड्या वेळाने एक ट्रॅक्टर आला. चालवणारे पन्नाशीचे गृहस्थ, डोक्यावर टोपी, गावात त्यांना नाना म्हणतात. मागच्या ट्रॉलीत भुरकट पांढरी माती भरलेली.

"गाडी पवायला आणली व्हय?" नाना म्हणाले. दोरी बांधली आणि एका हिसक्यात गाडी बाहेर. "किल्ले बघताय म्हंजी आमचा बुरूज बघितल्याबिगर कसं जाताय? चला."

बुरूज खरंच देखणा होता. तलावाच्या अंगाला, दोन मजली घराएवढा, खाली थोडा दगड आणि वर सगळी पांढरी माती. अगदी माथ्यावर चुन्याने रंगवलेला एक दगड आणि हिरवं निशाण. गावाचा पीर. उरसाला सगळं गाव तिथे नारळ फोडतं. नारळाचा पहिला मान नानांच्या घराचा आणि दिवाबत्तीचा बुरुजाखालच्या शेख कुटुंबाचा.

मी पायथ्याशी गेले आणि जागीच थांबले. बुरुजाला पोट नव्हतं. समोरून एवढी माती काढली होती की आत खोलीएवढी कपार झाली होती, आणि वरचा सगळा भार तिच्या छतावर लोंबत होता. त्या कपारीत एक खाट होती. खाटेवर एक म्हातारे गृहस्थ पालथे झोपले होते. त्यांच्या भोवती शेळ्या, करडं, पाण्याची घमेली, सगळा संसार.

"हे कोण?"

"इमामचाचा," नाना म्हणाले. "बाराला जे आत जात्यात, ते उन्हं कलल्याबिगर येत न्हाईत. आत एशी हाय बगा, एशी!"

छताला एक चीर होती. बोट जाईल एवढी. तिच्यातून बारीक माती सारखी गळत होती, खाटेच्या पायथ्याशी तिची पांढरी रांगोळी झाली होती.

"नाना, हे पडणार आहे."

"आवो ताई, आमचा आजा म्हनायचा पडनार, तो गेला. बाप म्हनायचा, तो बी गेला. बुरूज हाय तिथंच हाय."

"मग माती वरून का नाही काढत? वरून उतरवत आलात तर काही होणार नाही."

नानांनी कानाच्या पाळीला हात लावला. "वर पीरसाहेब हायती. त्यांच्या डोक्यावं कुदळ घालायची का? आमी वरच्या ढेकळाला कवा हात लावला न्हाई. समद्या गावाची शिस्त हाय ती."

मला माझ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. भक्ती म्हणून माथा सोडायचा आणि गरज म्हणून पाया खायचा. इतक्या प्रामाणिकपणे केलेली इतकी भयंकर चूक मी माझ्या धंद्यात कधी पाहिली नव्हती.

चाचांची सून शाहीनभाभी पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. मी त्यांना चीर दाखवली, माझा धंदाही सांगितला. त्यांचा चेहरा उतरला. "मी रोज म्हंते ताई. ऐकत न्हाईत. तुमचा टेकू मिळंल का लावायला?"

"मातीला टेकू धरत नाही, भाभी. माणूस हलवावा लागतो."

मी आत वाकून हाक मारली. "चाचा, बाहेर या. वर चीर पडलीय."

चाचांनी एक डोळा उघडला. "तुमी इंजिनेर हाय का?"

"नाही."

"मंग झोपू द्या." आणि डोळा मिटला.

आत जाऊन त्यांना ओढण्याची माझी हिंमत नव्हती. खोटं कशाला सांगू? पण कपारीच्या तोंडाशीच एक भुरी शेळी बांधलेली होती, गळ्यात घुंगरू, बाकीच्या सगळ्या तिच्याकडे तोंड करून बसलेल्या. मी तिचं दावं सोडलं आणि सरळ गाडीच्या दिशेने चालायला लागले. भुरी आली. तिच्यामागे करडं, करडांमागे बाकीचा कळप.

"मंगल, काय करतेस?" वन्सं किंचाळल्या.

"आगं ए! चोरटी!" आतून आवाज आला. चाचा उठले. लुंगी सावरत, काठी उगारत, अनवाणी. "भुरीला सोड! शहरातनं येऊन शेळ्या चोरता व्हय? नाना, बघत काय ऱ्हायलाय? धरा तिला!"

नाना हसून हसून ट्रॅक्टरला टेकले होते. मी लिंबाच्या झाडापर्यंत गेले आणि भुरीला तिथे बांधलं. चाचांनी मला यथेच्छ शिव्या दिल्या. मी ऐकून घेतल्या. भाभींनी शेळीच्या दुधाचा चहा केला. बुरूज जागच्या जागी उभा होता.

"पडला का गं तुझा बुरूज?" वन्संनी हळूच विचारलं. नाना म्हणाले, "ताई, मुक्कामच करा आता. पडंस्तोवर." चाचा चोरट्या बाईसमोर चहा घेणार नव्हते, पण दुसऱ्यांदा आग्रह झाल्यावर घेतला. बशी रिकामी करून खाली ठेवली, भुरीचं दावं सोडलं आणि म्हणाले, "झाला पाहुणचार. चल गं."

ते चार पावलं गेले. भुरी हलली नाही. त्यांनी दावं ओढलं. तिने पाय रोवले.

आणि बुरूज खाली आला. मला वाटलं होतं मोठा आवाज होईल. तसं काही झालं नाही. धान्याचं पोतं उलटं करावं तसा जड, मऊ आवाज आला आणि पांढरी धूळ तलावापर्यंत पसरली. धूळ बसली तेव्हा कपार नव्हती, खाट नव्हती, घमेली नव्हती. चाचा दावं धरून होते तसेच उभे होते. भाभींनी त्यांना घट्ट धरलं होतं. मी हातातली कपबशी खाली ठेवली.

"माझी खाट," चाचा शेवटी म्हणाले.

नानांनी खिशातून फोन काढला. मला वाटलं, तहसीलला कळवतायत. "आरं, ट्रॉली घेऊन ये," ते ओरडले. "समदी पांढरी खाली आलीय!"

अर्ध्या तासात तिथे ट्रॅक्टरांची जत्रा भरली. भाभी पदर खोचून पुढे झाल्या. "पयली ट्रॉली आमची! खाट आमची गेलीय!" कुणी नाही म्हणालं नाही. पण मातीला हात लावण्याआधी नाना आणि चाचा दोघे मिळून ढिगाऱ्यात शिरले. चुन्याचा दगड शोधला, पाण्याने धुतला, ढिगाऱ्याच्या अगदी माथ्यावर नेऊन बसवला आणि शेजारी निशाण रोवलं. सगळ्यांनी हात जोडले. मग खाली उतरले आणि पायथ्याशी पहिली कुदळ घातली.

बुरूज पडताना मी ओरडले नव्हते. आता मात्र ओरडले. "वरून काढा!" नानांनी समजुतीने माझ्याकडे पाहिलं, जसं तहानलेल्या पाहुण्याकडे पाहतात, आणि म्हणाले, "ताईंना पानी द्या रे."

पेडगाव राहिलंच. परतीच्या वाटेवर चौफुल्याला वन्सं म्हणाल्या, "त्या लोकांना काहीच कसं वाटलं नाही?" मला तसं वाटत नाही. त्यांना वाटलं म्हणून तर दगड धुतला. मला धक्का बसला तो याचा, की माणसं एखादी गोष्ट मनापासून जपतात आणि नेमकी तिच्याच खालून माती काढतात.

डिकीत भाभींनी आग्रहाने दिलेलं पांढरीचं एक पोतं होतं. गच्चीवरच्या टोमॅटोला घातलं. टोमॅटो असे फुगले की काय सांगू, कांदेवाले आप्पा खोटं बोलले नव्हते.

काल भाभींचा फोन आला. ढिगाऱ्याला एका अंगाने पुन्हा छान सावली झालीय म्हणे. चाचांनी नवी खाट केलीय.

"कुठं टाकलीय?" मी विचारलं.

"तितंच. सावलीत." मागून घुंगरू ऐकू आलं.

रविवारी निघते आहे. किल्ला बघायला नव्हे, भुरीला सोडायला.