कोर्लईच्या सिस्टरबाई

सिस्टरबाईंच्या हातात औषधाच्या बाटलीपेक्षा फणीच जास्त वेळ दिसे. बायकांच्या वॉर्डाच्या ओट्यावर एकेकीला पुढ्यात बसवून त्या केस विंचरत आणि तोंडाने सगळ्यांशी भांडत. "बस गो, हलू नको! तुझ्या उवा तुला कंटाळून माझ्याकडे राहायला येतील!" एरवी शिव्या घालणाऱ्या बायकाही त्यांच्यापुढे मान खाली घालून बसत. माझी आई त्यांतलीच एक.

माझी धाकटी बहीण गेल्यावर आईने बोलणं टाकलं, मग जेवण टाकलं. वडिलांची रेवदंड्यात भिक्षुकी. घरातून कॉलेजात गेलेला मी पहिला, तोही नुकताच. आईला वेड्यांच्या इस्पितळात ठेवायचं म्हणजे काय, हे विचारावं असं आमच्या ओळखीत कोणी नव्हतं. पहिल्याच भेटीत सिस्टरबाईंनी धीर दिला. "भटजी, वहिनी फणी लावू देतात. लावू देते ती बाई घरी जाते. माझं पाहिलेलं आहे." त्या खाडीपलीकडच्या कोर्लईच्या, ख्रिस्ती. पण आईला कुंकू त्या स्वतः लावत. "तिला बरं वाटतं. माझा देव काही रागवायचा नाही."

आई हळूहळू बोलू लागली. दसऱ्याला घरी न्या, असं डॉक्टरांनी सांगितलं. वडिलांनी घर सारवून घेतलं.

त्याच सुमारास वॉर्डातली दुसरी नर्स बदलून गेली आणि तिच्या जागी कोणी आलंच नाही. वर शेजारचा वॉर्डही सिस्टरबाईंच्या गळ्यात पडला. त्या इस्पितळाच्या साहेबांकडे माणूस मागायला गेल्या, तर "दारावर पहारेकरी आहे की," असं उत्तर मिळालं. हे सांगताना त्या हसल्या, पण ते हसू चांगलं नव्हतं. "पहारेकरी दार बघतो रे. बायकांना कोण बघणार?" फणी थांबली. उवा झाल्या, डोकी चिघळली. मग वरून हुकूम आला, सगळ्यांचे केस काढा.

आमच्यात केस काढतात ते विधवेचे, हे सिस्टरबाईंना ठाऊक होतं. आईची विधवा आत्या जन्मभर लाल आलवणात वावरली होती आणि आईने ते लहानपणापासून पाहिलं होतं. म्हणून सिस्टरबाईंनी न्हाव्याला बजावलं, "ह्या वहिनींना शेवटी घे. मी शेजारी बसेन, समजावेन." पण शेजारच्या वॉर्डात एकीने दुसरीचा गळा धरला, आरडाओरडा झाला. धावायला दुसरं कोण होतं? त्या परत आल्या तेव्हा आईच्या डोक्यावरून वस्तरा फिरून झाला होता. आई कुंकू पुसून, गुडघ्यांत तोंड घालून बसली होती.

हे सगळं त्यांनीच आम्हांला सांगितलं, काही न लपवता. "मी उठून गेले हो," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत राहिल्या. वडील समोर गेले तर आईने पदर ओढून तोंड फिरवलं. "परक्या पुरुषाला इथे कोणी येऊ दिलं?" तिने विचारलं.

त्या दसऱ्याला आई घरी आली नाही. पुढच्याही नाही. साहेब वडिलांना म्हणाले, "केस काय, येतील परत." आले. पण न्हावी आला की आई आपण होऊन त्याच्यापुढे जाऊन बसू लागली.

मला सिस्टरबाईंचा राग यायला हवा होता, असं अजूनही कधी कधी वाटतं. आणूनही पाहिला. पण राग धरायला माणूस शोधावं, तर तिथे त्या एकट्याच उभ्या असत.

गेल्या वर्षी वडील खरोखरच गेले. आईला सांगायला मी गेलो, पण ओट्यापाशीच उभा राहिलो. सिस्टरबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि ओळखलं. त्या आईजवळ जमिनीवर बसल्या. तिचा हात हातात घेऊन म्हणाल्या, "वहिनी, भटजी गेले हो."

आईने त्यांच्याकडे नीट पाहिलं. तिचा इतका स्वच्छ आवाज मी किती तरी दिवसांनी ऐकला.

"आता सांगताय, बाई? केस काढले तेव्हा सांगायला कोणीच नव्हतं."