पंख्यातली कणीक

ताईचा लॅपटॉप फार मंद झाला होता, म्हणून दुपारी मी तो उघडला. रॅम वाढवायची होती आणि जुन्या डिस्कवरचं सगळं उतरवून घेऊन नवी बसवायची होती. आतल्या छोट्या पंख्याच्या पात्यांवर पांढरट थर दिसला. बोटावर घेऊन पाहिलं, तर कणीक!

“ताई, स्वयंपाकघरात लिहितेस?”

“मग कुठे? भाजी शिजेपर्यंत चार ओळी होतात.”

चार-चार ओळी करत तिचा प्रबंध निम्मा झाला होता. मी यंत्राची स्मृती वाढवायला बसलो होतो आणि घरातलं एवढंही मला ठाऊक नव्हतं. पंखा पुसला, जुनं सगळं नव्या डिस्कवर घेतलं, नवे भाग बसवले, बटण दाबलं. तिची फाईल लगेच उघडली.

“वाचू?” मी पहिल्यांदाच विचारलं.

ताईने शेजारची खुर्ची पुढे ओढली.